गायमुखाचा उतार आणि चालकाचा नकार

ठाणे सोडून निघालेली घोडबंदरची सडक गायमुखापाशी येते तेव्हा तिच्या डाव्या अंगास राष्ट्रीय उद्यानाची झाडी थेट कडेपर्यंत उतरलेली असते, उजव्या अंगास वसईच्या खाडीचे विस्तीर्ण मातकट पात्र दिसू लागते, आणि या दोहोंच्या मधून, वनजमिनीच्या हद्दीमुळे रुंद होण्यास फारसा अवकाश न मिळालेली ती वाट एका लहानशा घाटाने चढून-उतरून चेणे गावाच्या शिवारात प्रवेश करते. डोंगरातून येणारी चेण्याची नदी येथेच सडकेखालून खाडीकडे जाते. आसपास आदिवासींचे पाडे आहेत. आणि न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेला माल, कळंबोलीच्या बाजारातले पोलाद, कारखान्यांची यंत्रे, असे सारे ओझे वाहणाऱ्या अवजड गाड्यांची रांग येथून काजूपाड्यावरून वरसावे पुलाकडे व तेथून गुजरातच्या दिशेने सरकत असते. यांतील एखादी गाडी घाटात बंद पडली, किंवा उतारावर तिचा ब्रेक लागेनासा झाला, म्हणजे दोन्ही बाजूंची वाहतूक तासन् तास खोळंबते, आणि खोळंबलेल्या लोकांच्या मुखातून पहिला उद्धार निघतो तो त्या गाडीच्या चालकाचा.

त्या चालकाला मात्र बहुधा एक गोष्ट आधीच ठाऊक असते. कळंबोलीहून निघतानाच त्याच्या पायाला ब्रेकच्या पेडलचा पोकळपणा जाणवलेला असतो, हवेचा काटा नेहमीच्या खुणेपर्यंत चढण्यास वेळ लागलेला असतो, मागच्या खेपेला त्याने शेठला लायनर बदलण्याविषयी सांगितलेले असते आणि ‘ही एवढी खेप करून ये, मग पाहू’ असे उत्तर ऐकलेले असते. असा मनुष्य पुढची खेप घेतो की घेत नाही, ज्या मालकाच्या गाड्यांची निगा राखली जात नाही त्याच्याकडे तो राहतो की निघून जातो, हा प्रश्न वरवर पाहता त्याच्या एकट्याच्या संसाराचा वाटतो. परंतु तो प्रश्न त्याच्यापुढे उभा राहावा अशी या धंद्याची घडण कशी होत गेली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे आपण पाहता पाहता दोन शतके मागे जातो.

साष्टीच्या या उत्तर टोकाला दळणवळणाचा वारसा जुना आहे. घोडबंदरच्या टेकडीवर पोर्तुगिजांनी गढी बांधली ती खाडीवर नजर ठेवण्यासाठी. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली, १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा अंमल कायम झाला. या सर्व अंमलांत माल चालला तो मुख्यतः पाण्यावरून, आणि जमिनीवरून चालला तो बैलांच्या पाठीवरून. देशावरचा व्यवहार तर १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटातून गाडीरस्ता खुला होईपर्यंत मोठ्या अंशाने पाठीवरच्या गोण्यांवरच अवलंबून होता. त्यानंतर भाड्याने माल वाहणाऱ्या बैलगाड्यांचा काळ आला. आणि त्या काळातील गाडीवानाची एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. शेतीची कामे उरकल्यावर भाड्याला निघणारा तो कुणबी बहुधा स्वतःच्याच बैलांमागे, स्वतःच्याच गाडीवर बसलेला असे. धाव सैल झाली, आख कुरकुरू लागला, वंगण संपले, तर ते ज्याच्या कानांना प्रथम कळे त्याच्याच हाती ते दुरुस्त करण्याचा अधिकार असे. घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवायची की नाही, याकरिता त्याला कोणाची आज्ञा घ्यावी लागत नसे.

दोषाचे ज्ञान एकाकडे आणि दोष दूर करण्याची सत्ता दुसऱ्याकडे, अशी फारकत जेथे झाली तेथे नकाराचा प्रश्न उत्पन्न झाला. ती फारकत प्रथम समुद्रावर झाली. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, करारावर अंगठा उठवल्यानंतर कुजक्या व अतिभारित जहाजावर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात धाडले जात असे. सॅम्युएल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदाने ते प्रकरण वेशीवर टांगले, तेव्हा १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले, आणि तरीही ती रेषा कोठे काढावी हे ठरवणे पुढे १८९० पर्यंत जहाजमालकाच्याच मर्जीवर राहिले. आपल्याकडे त्याच्याही आधी, १८५९ मध्ये, कामगारांच्या करारभंगाचा कायदा झाला. आगाऊ पैसे घेतलेला कारागीर किंवा मजूर काम टाकून गेला, तर मॅजिस्ट्रेटाने त्याला एक तर उचल परत करावयास किंवा काम पुरे करावयास फर्मावावे, आणि तो हुकूम न मानल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीस पाठवावे, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा १९२५ च्या अधिनियमाने रद्द झाला. पण उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याचा शिरस्ता कायद्याबरोबर गेला नाही. मालमोटारीच्या धंद्याने तो जसाच्या तसा उचलला, आणि आजही गाडी सोडू पाहणाऱ्या चालकापुढे पहिली अडचण येते ती गाडीची नसून शेठच्या वहीत त्याच्या नावावर असलेल्या रकमेची.

मोटारीचा उदय झाला तेव्हा रस्त्यांचा विचार करण्यासाठी सरकारने १९२७ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकरांकडे होते, आणि तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला, ही गोष्ट मराठी वाचकांस आवर्जून सांगितली पाहिजे. परंतु रस्ते सुधारू लागले तसे रेल्वेचे उत्पन्न मोटारीकडे जाऊ लागल्याची ओरड सुरू झाली. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांनी रेल्वे-रस्ते स्पर्धेवर आपला अहवाल दिला. आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा जन्मास आला तो बऱ्याच अंशी या स्पर्धेस वेसण घालण्याच्या हेतूने. म्हणून त्यात परवान्यांचे प्रकरण विस्ताराने आले. कोणी कोठे, कोणत्या मार्गावर, किती माल न्यावा याची बंधने काटेकोर झाली. वाहन रस्त्यावर येण्यास लायक आहे किंवा नाही याचा दाखला ३८ व्या कलमाने आवश्यक झाला खरा, पण माझ्या मते या कायद्याचे मन परवान्यात होते आणि दाखला हा त्याचा उपचार होता. याचे दुष्परिणाम दीर्घकाळ टिकले. परवाना दुर्मिळ झाला म्हणजे त्याला किंमत येते, आणि ज्या धंद्यात कागद गाडीपेक्षा मौल्यवान ठरतो त्या धंद्यात गाडीच्या निगेकडे पाहण्याची वृत्ती क्षीण होत जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि अनेकांनी त्यांवर धंदा उभारला. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि देशी बनावटीची गाडी हप्त्यांवर मिळू लागली. एक-दोन गाड्यांचा मालक ही या धंद्याची मुख्य मूर्ती ठरली. मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये रस्ते वाहतुकीच्या पुनर्रचनेचा विचार केला तेव्हा हे विखुरलेपण तिच्याही डोळ्यांपुढे होते. अशा लहान मालकाला मी सरसकट निर्दय म्हणणार नाही. हप्ता, विमा, टायर, डिझेल आणि नाक्यानाक्यावरचा खर्च यांतून त्याच्या हाती उरणारे थोडे असते. भाडे ठरवतो आडत्या. आणि खर्चाच्या यादीत पुढे ढकलता येण्याजोगी बाब एकच राहते, ती म्हणजे दुरुस्ती. डिझेलवाचून गाडी हलत नाही, हप्त्यावाचून ती जप्त होते, पण झिजलेल्या लायनरावर ती आजचा दिवस चालते. सारा अनर्थ या एका दिवसाच्या सवलतीत आहे.

प्रवासी वाहतुकीने याच सुमारास वेगळा मार्ग धरला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत आगार उभे राहिले. आगाराची कार्यशाळा, नेमून दिलेल्या मुदतीने होणारी तपासणी, परत आलेल्या चालकाने गाडीतील दोषांची लेखी नोंद देण्याची पद्धत आणि पाठीशी कामगारांची संघटना, यांमुळे एस.टी.च्या चालकाचा शब्द कागदावर चढत असे. त्या व्यवस्थेतही उणिवा होत्या व आहेत. पण तेथे ‘या गाडीचा ब्रेक बरोबर नाही’ हे वाक्य उच्चारण्यास एक जागा होती, एक वही होती. मालमोटारीच्या चालकाला ती वही कधीच मिळाली नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा त्याच्यासाठीही होता. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, साप्ताहिक सुटी, विश्रांती, असे पुष्कळ त्यात लिहिले होते. मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, आणि ज्या धंद्याचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांत वाटलेला होता, त्यातील बहुसंख्य चालक त्या उंबरठ्याच्या बाहेरच उभे राहिले.

१९८९ हे वर्ष चेण्याच्या सडकेच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी २६ मे रोजी न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ज्याच्या पेट्या पुढे याच वाटेने गुजरातकडे जाऊ लागल्या. आणि १ जुलै रोजी १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा अमलात आला. या कायद्याचे १९० वे कलम प्रत्येक चालकाने कोणाकडून तरी वाचवून घ्यावे असे आहे. धोका उत्पन्न करील असा दोष ज्या वाहनात आहे, आणि तो दोष ज्याला माहीत आहे किंवा साधारण काळजी घेतली असती तर ज्याला माहीत होऊ शकला असता, अशा मनुष्याने ते वाहन सार्वजनिक जागी चालवले, चालवावयास लावले किंवा चालवू दिले, तर तो शिक्षेस पात्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधाचा दंड दीड हजार रुपये आहे; अशा दोषामुळे अपघात होऊन इजा किंवा मालमत्तेची हानी झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही.

कायद्याने येथे मालक आणि चालक यांना एकाच तराजूत घातले आहे, आणि न्यायाची ही समता कागदावर निर्दोष दिसते. पण तिचा चालकावर होणारा परिणाम बारकाईने पाहावा. चालकाने दोष पाहून गप्प राहून गाडी हाकली, तर ‘साधारण काळजी घेतली असती तर कळले असते’ हे शब्द त्याला गाठतात. त्याने प्रामाणिकपणे शेठला लेखी कळवले आणि मग पोटासाठी गाडी हाकली, तर दोष त्याला माहीत होता याचा पुरावा त्याने स्वतःच निर्माण करून ठेवलेला असतो. म्हणजे तक्रार करून चालवत राहणे हा जो मधला, सभ्य मार्ग बहुतेकांना सुचतो, तोच कायद्यापुढे सर्वांत अवघड ठरण्याचा संभव आहे. कलमाचा तर्क त्याला अखेर नकाराकडे ढकलतो. परंतु नकार दिल्यावर त्याची नोकरी राहील, थकलेला भत्ता मिळेल, उचलीचा तगादा लागणार नाही, याविषयी ते कलम एक अक्षरही बोलत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती करून धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्या कामगारांना निकटच्या धोक्याविषयी बजावण्याचा हक्क शब्दशः लिहून देण्यात आला. त्यानंतर एका वर्षाने झालेल्या मोटार कायद्यात रस्त्यावरच्या कामगाराला तो हक्क का देऊ नये, असा विचार व्हावयास हवा होता.

न्यायालयांनी मालकाची जबाबदारी मोकळी सोडली असे मात्र नाही. मुंबईतून गेलेल्या मिनू मेहता यांच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की अपघात यांत्रिक बिघाडाने झाला हा बचाव घ्यावयाचा असेल, तर वाजवी ती सर्व काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि लायकीचा दाखला देणाऱ्या पासिंगच्या कारभाराची कथा तर उच्च न्यायालयाच्या दप्तरातच आहे. गाडी पासिंगला न्यायची, त्या दिवसापुरते बरे टायर चढवायचे, दिवे लावायचे, आणि दाखला मिळाला की पुन्हा जुने टायर घालायचे, हा प्रकार धंद्यात सर्वांस माहीत आहे. पुण्यातील एका नागरिकाने केलेल्या जनहित याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन कार्यालयांना ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरची धावपट्टी करावयास सांगितले, आणि पुढच्या वर्षी, जेथे तशी पट्टी नाही तेथे दाखले देऊ नयेत इतक्या निकरावर गोष्ट आली. ज्या दाखल्याच्या विश्वासावर लाखो गाड्या घाट उतरत होत्या, तो देताना ब्रेक लावून पाहण्यास अनेक कार्यालयांकडे जागासुद्धा नव्हती, ही गोष्ट वाचून माझे मन अजून व्यथित होते.

मग चेण्याच्या उतारावर आलेल्या त्या मनुष्याने काय करावे? मी येथे दोषादोषांत भेद करीन. केबिनचे दार नीट लागत नाही, आसन मोडले आहे, मागचा पाटा आवाज करतो, अशा गोष्टींसाठी मालकाला मुदत देता येते आणि द्यावीही. ब्रेक, स्टेअरिंग आणि पुढच्या आसाचे टायर यांना मुदत नाही. लांब उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागला म्हणजे ड्रम तापतो, तापलेल्या ड्रमावर लायनरची पकड सुटत जाते, आणि त्यात स्लॅक ॲडजस्टर सैल असले तर पायाखाली हवा असूनही तिचा पुरेसा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही; गिअरमध्ये गाडी रोखून धरण्याचे कौशल्य वीस वर्षांच्या अनुभवी उस्तादाकडे असते हे खरे, पण समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने त्या कौशल्यावर आपले आयुष्य टाकलेले नसते. चालकाने दोषाचे छायाचित्र काढून मालकाच्या फोनवर तारखेसह पाठवावे, कारण आज त्याची वही तीच आहे. दुरुस्ती झाली तर उत्तम. न झाली तर त्याच गाडीची पुढची खेप घेऊ नये. आणि असे दोनदा घडले तर त्या मालकाकडे राहू नये.

हे लिहिताना मला त्याच्या अडचणींची जाणीव आहे. गावी मुलांच्या फिया असतात, क्लीनरापासून चालक होण्यात उमेदीची वर्षे गेलेली असतात, एका मालकाने काढलेल्याचे नाव आडत्यांच्या अड्ड्यावर लगेच पसरते, आणि पुढचा मालक याहून बरा निघेल याची हमी कोणीच देत नाही. जो राहतो त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. अमेरिकेत १९८२ च्या एका कायद्याने असुरक्षित वाहन चालवण्यास नकार देणाऱ्या मालमोटारचालकाला नोकरीवरून काढण्यास मनाई केली. तेथेही २००९ च्या जानेवारीत इलिनॉय राज्यात गोठलेल्या ब्रेकांचा ट्रेलर सोडून जीव वाचवण्यास निघून गेलेल्या चालकाला कंपनीने काढलेच, आणि त्याच्या बाजूने अपील न्यायालयाचा निकाल येण्यास २०१६ साल उजाडले. तरीही तेथे दाद मागण्यास एक कलम होते. येथे अजून तेवढेही नाही.

१ जानेवारी २०२४ रोजी देशभरातील चालकांनी जे आंदोलन पुकारले त्याची धग याच परिसराला लागली. मीरा-भाईंदर भागात चालकांनी रस्ता अडवला, दगडफेक झाली आणि पोलिसांच्या वाहनाचे नुकसान झाले. निमित्त होते भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाचे, ज्यात बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवल्यावर खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दगडफेकीचे समर्थन कोणी करू नये. पण त्या क्षोभाच्या तळाशी, ज्या गाडीची निगा आपल्या हातात नाही तिच्या प्रत्येक अपराधाला आपणच उत्तरदायी ठरतो, ही वेदना मला स्पष्ट दिसते. सरकारने १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते उपकलम तेवढे मागे ठेवले. शिक्षेचे कलम स्थगित करून घेण्याइतके बळ चालकांच्या संघटनांत आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले; तेच बळ त्यांनी १९० व्या कलमाला, लेखी दोष कळवून नकार देणाऱ्या चालकास कामावरून काढता येणार नाही, अशी एक पुरवणी जोडून घेण्यासाठी वापरावे, असे मला अंतःकरणापासून वाटते. अवजड वाहनांसाठी चालक मिळत नाहीत, असे आज मालकांच्याच तोंडून वारंवार ऐकू येते, म्हणून चालू परवाना असलेला मनुष्य आपल्याला वाटतो तितका निराधार नाही. त्याने किल्ली परत देताना थकलेला भत्ता लेखी मागून घ्यावा, आणि नव्या मालकाची उचल घेण्यापूर्वी त्याच्या गाडीखाली एकदा वाकून ड्रम, टायर आणि हवेच्या नळ्या पाहून घ्याव्यात.